चव जिभेवर, धंदा पाठीवर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: ६ वर्षांपासून तुम्ही उंची दर्जाचे सॉस, जॅम आणि नट बटर बनवताय. ९ प्रकार आहेत, हाताखाली दोन मदतनीस आहेत, बनतो तेवढा माल विकला जातो. पहाटे ५ला शेगडी पेटते आणि रात्री ११ला तुम्ही लेबलं चिकटवत बसलेल्या असता. आता एका दुकानसाखळीने तिच्या ४० दुकानांसाठी माल मागितलाय. मॅनेजर ठेवू, बाहेरच्या कारखान्यातून बनवून घेऊ, की कर्ज काढून मोठी जागा घेऊ, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय: "माणसं ठेवून पाहिली, पण माझ्यासारखी चव कुणालाच जमत नाही."

माझ्या मते खरी अडचण त्या जाता जाता टाकलेल्या वाक्यात आहे. मॅनेजर, कारखाना, मोठी जागा, तिन्ही उपाय आज केलेत तर तुमचं काम कमी होणार नाही, वाढेल. मॅनेजर दर तासाला विचारायला येईल, कारखाना पहिल्याच आठवड्यात "कृती पाठवा" म्हणेल आणि तुमच्याकडे पाठवायला काही नसेल. मोठ्या जागेचं भाडं मात्र पहिल्या तारखेपासून चालू होईल.

हे मी वरून सांगत नाहीये. मी स्वतः ११ वर्षं बाटलीबंद सॉस आणि कांद्याचा जॅम बनवून विकला, त्यातली पहिली ५ अगदी तुमच्यासारखीच काढली. गेली काही वर्षं छोट्या उत्पादकांना त्यांच्या स्वयंपाकघराची घडी बसवून द्यायचं काम करते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. माल बाटलीत महिनोन्‌महिने टिकत असेल तर पुढचं बरंचसं लागू पडेल. रोज ताजा जाणारा माल असेल तर उत्पादन एका जागी आणि ठरावीक वेळीच होतं, तिथे गणित वेगळं. परवान्याचे नियम प्रत्येक ठिकाणचे निराळे, त्याबद्दल तुमच्या भागातल्या जाणकारालाच विचारा. आणि तुम्हाला खरंच वाढायचंय का, हे मला माहीत नाही. काहींना फक्त रात्री ९ला जेवायला बसायचं असतं. तेवढंच हवं असेल तर त्या साखळीला नकार देऊन भाव थोडे वाढवणं हा उत्तम धंदा आहे, त्यात कमीपणा काही नाही.

वाढायचंच असेल तर सुरुवात वहीपासून करा. दोन आठवडे, दर अर्ध्या तासाला एक ओळ: काय केलं. सुशोभित काही नको. शेवटी प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे माझ्याशिवाय कुणी करूच शकत नाही, हे कुणी शिकलं तर करेल, हे कुणीही करेल. माझ्या वहीत आठवड्याचे ७८ तास निघाले. त्यात लेबलं, झाकणं, पेट्या भरणं आणि "माल कुठपर्यंत आला" असे फोन मिळून २६ तास. माझ्याशिवाय होणारच नाहीत असे म्हणायला १४, आणि त्या १४मधलेही बहुतेक चव बघण्याचे. तोवर मी सगळ्यांना सांगत असे की मी दिवसभर स्वयंपाक करते.

आता चवीकडे वळू, कारण गाडी तिथेच रुतलीय.

"हाताला चव आहे" हे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात, आणि ज्याच्या हाताला चव असते त्याला ते आवडतंही. पण हाताची चव म्हणजे काय, हे मला कळलं ते माझ्या एका मदतनीस मुलीमुळे. मी तिला लिहून दिलं होतं, "कांदा सोनेरी होईपर्यंत परता, मीठ चवीनुसार." तिचा सोनेरी आणि माझा सोनेरी यांच्यात चांगली १२ मिनिटं होती. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही करा, मी वजन करते." मग आठवडाभर मी काहीही उचललं की आधी ती मला अडवायची. मिठाचा डबा ती काट्यावर ठेवायची, मी चिमटी घ्यायची, ती कमी झालेलं वजन लिहायची. तोच १० किलोचा घाणा, तीच चिमूट: सोमवारी सकाळी एकूण मीठ ९२ ग्रॅम पडलं, गुरुवारी संध्याकाळी १२७. संध्याकाळपर्यंत माझी जीभ थकत होती आणि मी मीठ वाढवत होते. म्हणजे "माझ्यासारखी चव" ही चीज मुळात एक नव्हतीच, आठवड्यातून तीनचार होत्या, आणि त्यातली नेमकी कोणती जमत नाही म्हणून मी पोरीला रागावत होते.

तेव्हा पहिलं काम हे: प्रत्येक प्रकाराचा एक कागद. सगळं ग्रॅममध्ये, पाणी आणि तेलसुद्धा, वाटी-चमचा बंद. मुख्य घटक १०० धरून बाकीचे टक्क्यांत लिहा, म्हणजे घाणा लहानमोठा झाला तरी कागद बदलत नाही. पाववाले त्यांच्या पिठाचं असंच करतात. "सोनेरी होईपर्यंत" ऐवजी कच्चा कांदा १० किलो, परतून उतरवताना ४.२ किलो. वजन किती घटलं हा रंगापेक्षा भरवशाचा साक्षीदार आहे, कारण दिवा बदलला की रंग बदलतो. जॅमसाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्या, विरघळलेल्या साखरेचं प्रमाण ब्रिक्समध्ये कळतं. पारंपरिक जॅम साधारण ६५च्या आसपास उतरवतात. आंबट सॉससाठी पीएच मीटर (पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितका माल आंबट), आणि तो रोज सकाळी ४ आणि ७च्या द्रावणात बुडवून जुळवून घ्यायचा. ही नुसती हौस नाही. पीएच ४.६च्या वर असलेला ओलसर माल हवाबंद बाटलीत नीट निर्जंतुक न करता भरला, तर त्यात बोटुलिझमचा जंतू वाढून विष तयार करू शकतो, आणि ते डोळ्यांना किंवा नाकाला कळेलच असं नाही. लसूण तेलात घालून नुसता भरून ठेवणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगत असते. मी स्वतः ४.२च्या वर बाटली भरू देत नसे. त्या आकड्याला जीभ चालत नाही, मीटरच लागतो.

इथे एक गोष्ट आठवते. १९६०च्या सुमारास अंतराळवीरांसाठी अन्न बनवायचं काम पिल्सबरी या कंपनीकडे आलं. अन्नात जंतू नाहीत याची खात्री तयार मालाची तपासणी करून द्यायची, तर तपासणीतच इतका माल खर्ची पडत होता की उरणार काय, हा प्रश्न. म्हणून त्यांनी नासाबरोबर उलटा विचार केला: बिघाड नेमका कोणत्या पायरीवर होऊ शकतो ते शोधायचं आणि त्या पायरीवरच मोजायचं. आज जगभर अन्नधंद्यात जी हॅसप पद्धत चालते ती यातून आली. तुम्ही रोज काय करता? घाणा तयार झाल्यावर शेवटी चमचा बुडवून चव बघता. म्हणजे तयार मालाची तपासणी, आणि तपासनीस जगात एकच. चुकला असेल तर तेव्हा उशीर झालेला असतो, आणि बरोबर असेल तरी तुम्ही तिथे असावंच लागतं. कागदावर चार ठिकाणी आकडा लिहिला (परतल्यावरचं वजन, उतरवतानाचं तापमान, ब्रिक्स किंवा पीएच, भरतानाचं तापमान) की तो चमचा दुसऱ्याच्या हातात देता येतो.

पण दुसऱ्याने केलेला घाणा खरंच तसाच झालाय हे ठरवायचं कुणी? तुम्ही नाही. तुम्हाला माहीत असतं की हा तिने केलाय, आणि मग जीभ दोष शोधतेच. तीन वाट्या घ्या, दोनात एकाचा माल, तिसरीत दुसऱ्याचा, वाट्यांवर फक्त अंक. सहा जणांना विचारा, वेगळी कोणती? नुसत्या अंदाजाने तीनात एक बरोबर येतोच, म्हणजे सहांतले दोघे बरोबर निघाले तर त्याला अर्थ नाही. पाच किंवा सहा जणांनी ओळखलं तर मात्र फरक खरा आहे, कारण नशिबाने असं होण्याची शक्यता शंभरात दोनाहूनही कमी. चार आले तर पुन्हा करा. सहा जणांत बारीक फरक निसटू शकतो, म्हणून दोनतीन वेळा, वेगवेगळ्या घाण्यांवर करा. आमच्याकडे पहिल्या खेपेला सहांतल्या दोघांनीच ओळखलं. मी स्वतः सातवी बसले होते आणि चुकीची वाटी दाखवली. त्या संध्याकाळी मला बरं वाटलं की वाईट, अजून सांगता येत नाही.

कागद तयार झाला की मोह होतो भांडं मोठं घ्यायचा. सावकाश घ्या. मी १० किलोच्या पातेल्यावरून थेट ८० किलोच्या कढईवर उडी मारली होती आणि पहिला अख्खा घाणा फेकला. कारण सोपं आहे, आधी कुणी सांगितलं असतं तर वाचले असते. त्याच आकाराचं भांडं लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट केलं की आत माल आठपट मावतो, पण वरचं तोंड आणि तळ चौपटच होतात. म्हणजे किलोमागे वाफ जायला आणि आच लागायला जागा निम्मीच. पाणी आटायला कितीतरी जास्त वेळ लागतो, तोवर साखर काळवंडते, मसाल्याचा वास उडून जातो, तळाशी लागतं ते वेगळंच. गार होतानाही तसंच, मोठ्या घाण्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. म्हणून वाढ दुपटीदुपटीने करा, पसरट भांडं घ्या, आणि प्रत्येक टप्प्यावर वेळेचे आकडे नव्याने लिहा. घटकांचे टक्के तेच राहतात, मिनिटं राहत नाहीत. खरं तर कितीतरी वेळा मोठ्या कढईपेक्षा तशीच तीन पातेली आणि एक शिकलेला माणूस स्वस्त पडतो.

माणसांबद्दल. मॅनेजर आत्ता ठेवू नका. पहिला माणूस घ्या तो वहीतल्या "कुणीही करेल" या खुणेसाठी: लेबलं, भरणं, पेट्या, पाठवणी. हे काम कमी दर्जाचं वाटतं म्हणून आपण ते स्वतःच उरकतो आणि महागाचा माणूस "धंदा सांभाळायला" शोधतो. उलट करा. त्यातून तुमचे २० तास मोकळे होतील, ते कागद लिहिण्यात आणि शिकवण्यात घाला. दुसरा माणूस घाणे करणारा, आणि तो बहुधा तुमच्या आत्ताच्या दोघांपैकीच एक असेल. त्यांना विचारून पाहा, त्यांना तुमच्या कल्पनेपेक्षा बरंच येत असतं.

काम दिलं की त्याबरोबर निर्णयही द्या. ही गोष्ट सगळ्यात जड जाते. पेटीत दोन बाटल्या फुटल्या, ग्राहक चिडलाय, तर मदतनिसाने तुम्हाला विचारायचं की सरळ दुसऱ्या पाठवायच्या? एका पेटीच्या किमतीपर्यंतचं नुकसान न विचारता भरून द्यायचं, अशी एक रेघ आखा. पीएच ४.२च्या वर गेला तर घाणा थांबवायचा अधिकार शेगडीपाशी उभ्या असलेल्याला, मागणी कितीही तुंबलेली असो. ती रेघ आखल्यावर पहिल्या महिन्यात कुणीतरी चुकीचा निर्णय घेईलच. तेव्हा काम परत हिसकावून घेतलंत तर सगळे पुन्हा दाराशी येऊन उभे राहतील, आणि त्यांचं चुकलं म्हणता येणार नाही.

आता पैसे. तुमच्या खर्चाच्या हिशेबात तुमचा पगार आहे का? तुम्ही लिहिलंय "नफा बरा आहे", तेवढ्यावरून मला शंका येते. पहाटे ५ ते रात्री ११ काम करणाऱ्या माणसाच्या जागी पगारी माणसं ठेवायची झाली तर किती जातील, ते खर्चात धरा आणि मग नफा पाहा. बऱ्याच छोट्या धंद्यांत तो नफा म्हणजे मालकाची न काढलेली मजुरीच असते.

साखळीचं गणित असं मांडा. समजा ग्राहक बाटलीला १०० देतो. दुकान विक्रीच्या किमतीवर ३५ टक्के ठेवतं, उरले ६५. मध्ये वितरक असेल आणि त्याने त्या ६५वर २५ टक्के ठेवले तर तुमच्या हातात येतात ४८.७५. कच्चा माल, बाटली, झाकण, लेबल, पेटी मिळून ३२, मजुरी ९, जागा-इंधन-वाहतूक ५. उरले पावणेतीन. त्यात फुटलेल्या बाटल्या, परत आलेला माल आणि दुकानात चव दाखवायला फुकट दिलेल्या बाटल्या बसवायच्या. हे आकडे माझे, कल्पनेतले. तुम्ही तुमचे घाला. पण गणित याच क्रमाने, शेवटच्या ग्राहकाकडून मागे करत या. आपण थेट विकताना १००मधले १०० बघायची सवय झालेली असते, आणि "खप वाढला की भरून निघेल" असं वाटतं. बाटलीमागे तोटा असेल तर खप वाढल्याने तोटाच वाढतो.

शिवाय उधारी. बाटल्या आणि कच्चा माल विक्रीच्या महिनाभर आधी घ्यावा लागतो, साखळी पैसे देणार ६० दिवसांनी. म्हणजे तीन महिन्यांचा उत्पादनखर्च कायम तुमच्या खिशातून बाहेर अडकलेला. मागणी दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट. नफा दिसतोय आणि झाकणंवाल्याला द्यायला पैसे नाहीत, हे मी भोगलंय. कर्ज काढायचंच असेल तर आधी यासाठी लागेल, जागेसाठी नंतर.

बाहेरच्या कारखान्याचा पर्याय वाईट नाही, फक्त तिसऱ्या टप्प्याचा आहे. त्यांना लेखी कृती, मोजमापं आणि एका वेळी मोठा घाणा हवा असतो. कमीत कमी किती माल घ्यावा लागेल, ते आधी विचारा. पुष्कळदा ते तुमच्या सहा महिन्यांच्या विक्रीइतकं निघतं. कृती कुणाची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

आणि ९ प्रकार जास्त आहेत. प्रत्येकाचं वेगळं लेबल, वेगळा कच्चा माल, मधे भांडी धुण्याचा वेळ वेगळा. नट बटरनंतर जॅम करायचा तर ॲलर्जीपायी सगळी भांडी-यंत्रं घासून काढावी लागतात. प्रत्येक प्रकार विक्रीत किती भर घालतो आणि तुमचे किती तास खातो, हे शेजारीशेजारी लिहा. दोनतीन नावं आपोआप खोडली जातील. त्यातलं एक तुमचं सगळ्यात लाडकं असेल. माझा अंजीर-मिरीचा जॅम होता.

मग साखळीला काय सांगायचं? मी असते तर ४० दुकानं नको म्हणाले असते. ६ दुकानं, दोन प्रकार, चार महिने. दोन्ही असे निवडायचे की ज्यांचे कागद तयार आहेत आणि वाट्यांच्या परीक्षेत उतरलेत. पैसे ३० दिवसांत आणि न खपलेला माल परत घेण्याची मर्यादा, हे दोन्ही आधीच लेखी. खरेदी बघणाऱ्या माणसाला अर्ध्यावर बंद पडणारा पुरवठा सगळ्यात नकोसा असतो, त्यामुळे "एवढं नक्की देईन" हे उत्तर तुम्हाला वाटतं तितकं वाईट वाटत नाही. ४० नाहीतर काहीच नाही असं ते म्हणाले, तर यंदा सोडून द्या.

आणि त्या चार महिन्यांच्या आत एकदा तीन दिवस गावाला जा. खरोखर जा, घरी बसून फोन घेऊ नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पोटात गोळा होता, दर तासाला फोन बघत होते. तीन दिवसांत १४ घाणे निघाले. फोन एकदाच आला, दुसऱ्या दिवशी दुपारी. मला वाटलं झालं, काहीतरी जळलं. मदतनीस मुलगी विचारत होती, झाकणांची नवी पेटी कुठे ठेवलीय. परत आल्यावर मी कपाटाच्या दारावर कागद चिकटवला: झाकणं, खालचा कप्पा, डावीकडे.